एचटूएस भरला आणि एचथ्रीएस मोजला: माइन्झच्या २०३ केल्विनची पूर्ण केस

हाय प्रेशरबद्दल कुठेही वाचायला घ्या, एक वाक्य हमखास भेटतं की दाब वाढला की अणू जवळ येतात आणि पदार्थाचे गुणधर्म बदलतात. चूक नाहीये, पण फार अर्धवट आहे, कारण दीडशे-दोनशे गिगापास्कलपर्यंत (एक गिगापास्कल म्हणजे साधारण दहा हजार अ‍ॅटमॉस्फियर) गेलात की पदार्थच बदलतो, आत तुम्ही जे भरलं होतं ते आत शिल्लक असेलच याची काही गॅरंटी नाही. हे सगळ्यात स्वच्छ दिसतं हायड्रोजन सल्फाइडच्या, म्हणजे एचटूएसच्या केसमध्ये, म्हणून इकडचं तिकडचं न आणता ही एकच केस पहिल्यापासून लिहितोय.

जर्मनीत माइन्झला मॅक्स प्लांक इन्स्टिट्यूट फॉर केमिस्ट्री आहे, तिथे मिखाइल एरेमेट्स यांचा हाय प्रेशर ग्रुप होता, सोबत अलेक्झांडर ड्रोझडोव्ह, इव्हान ट्रोयान वगैरे मंडळी. डिसेंबर २०१४ मध्ये त्यांनी एक प्रीप्रिंट टाकला की हायड्रोजन सल्फाइड प्रचंड दाबाखाली १९० केल्विनला सुपरकंडक्टर होतो, आणि ऑगस्ट २०१५ मध्ये नेचरमध्ये सविस्तर पेपर आला तेव्हा आकडा होता २०३ केल्विन, म्हणजे उणे ७० अंश सेल्सिअस, दाब साधारण १५५ गिगापास्कल. अंटार्क्टिकात व्होस्टोक स्टेशनला १९८३ मध्ये उणे ८९.२ नोंदवलं गेलंय, म्हणजे पृथ्वीवर नैसर्गिकरीत्या पडणाऱ्या थंडीत विजेचा रोध शून्य करणारा पदार्थ पहिल्यांदा हातात आला. त्याआधीचा रेकॉर्ड १६४ केल्विनचा होता, तोही पारा घातलेल्या कॉपर ऑक्साइडचा आणि तोही दाबाखालीच, आणि ते कॉपर ऑक्साइड नेमके कसे चालतात यावर आजही एकमत नाही. इथे मात्र होता एक साधा, तीन अणूंचा, घाण वासाचा गॅस.

हा गॅस आपल्याकडे सायन्स घेतलेल्या कुणालाही ओळखीचा असतो, केमिस्ट्री लॅबमधला किप्स अपॅरेटस आणि सॉल्ट अ‍ॅनालिसिसच्या दिवशी कॉरिडॉरभर पसरणारा सडक्या अंड्याचा वास, तोच हा. विषारीही तितकाच, गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये उतरणारी माणसं दगावतात त्यामागे बरेचदा हाच असतो. सुपरकंडक्टिव्हिटीशी याचा काही संबंध असेल असं कुणाच्या डोक्यात येणार नाही, आणि बरीच वर्षं फारसं कुणाच्या आलंही नव्हतं.

मग याच गॅसवर ते का गेले? त्याचं मूळ हायड्रोजनमध्ये आहे. १९३५ मध्ये विग्नर आणि हंटिंग्टन यांनी मांडलं होतं की पुरेसा दाब दिला तर हायड्रोजन धातू होईल, दाबाचा त्यांचा अंदाज होता २५ गिगापास्कल, प्रत्यक्षात तो कितीतरी जास्त निघाला ही गोष्ट वेगळी. १९६८ मध्ये नील अ‍ॅशक्रॉफ्ट पुढचं बोलले की असा धातू हायड्रोजन खूप वरच्या तापमानाला सुपरकंडक्टर असला पाहिजे, कारण नेहमीच्या सुपरकंडक्टरमध्ये इलेक्ट्रॉनच्या जोड्या जुळतात त्या अणूंच्या कंपनांमुळे, अणू जितका हलका तितकी कंपनं वेगवान, आणि हायड्रोजनपेक्षा हलकं काही नाहीच. अडचण ही की शुद्ध हायड्रोजनला लागणारा दाब हाताबाहेरचा. म्हणून २००४ मध्ये अ‍ॅशक्रॉफ्ट यांनीच पर्याय सुचवला की हायड्रोजन जास्त असलेली संयुगं घ्या, त्यांच्यात दुसऱ्या अणूने हायड्रोजनला आधीच थोडं दाबून धरलेलं असतं, मग बाहेरून कमी दाब पुरेल.

एरेमेट्स यांनी त्याप्रमाणे आधी सिलेन करून पाहिला होता, म्हणजे सिलिकॉनचा हायड्राइड. २००८ मध्ये त्यांच्या ग्रुपला १७ केल्विनला सुपरकंडक्टिव्हिटी मिळाली, पण नंतर दुसऱ्या ग्रुप्सनी दाखवलं की दाबाखाली सिलेन फुटू शकतो आणि सुटलेला हायड्रोजन सेलमधल्या धातूंशी, अगदी प्लॅटिनमशीसुद्धा, संयोग करून हायड्राइड बनवतो, त्यामुळे तो सिग्नल नक्की कुणाचा यावर प्रश्नचिन्ह लागलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे एचटूएसच्या वेळी इलेक्ट्रोडपासून तापमानापर्यंत जी काळजी घेतलेली दिसते ती याच्यानंतरची आहे.

२०१४ मध्ये चीनमधून एक थिअरीचा पेपर आला, यिनवेई ली आणि यानमिंग मा यांच्या ग्रुपचा, त्यात हिशोब होता की एचटूएस १६० गिगापास्कलच्या आसपास ८० केल्विनला सुपरकंडक्टर व्हावा. ८० हा आकडा या प्रकारच्या सुपरकंडक्टरसाठी प्रचंड होता, कारण तोपर्यंत मॅग्नेशियम डायबोराइड ३९ वर अडकलेला, आणि पुष्कळ लोकांनी मनात ठरवूनच टाकलं होतं की कंपनांवर चालणारे सुपरकंडक्टर याच्या फार पुढे जात नाहीत. माइन्झच्या लोकांनी ठरवलं की करून बघूया.

आता सेटअप थोडा जवळून बघू, कारण ही केस समजायची तर आत काय घडतं ते डोळ्यासमोर यायला हवं. डायमंड अ‍ॅन्व्हिल सेल म्हणजे दोन हिरे टोकाला टोक लावून समोरासमोर, मधे धातूचं पातळ गॅस्केट, गॅस्केटला बारीक भोक, आणि त्या भोकात सॅम्पल. या प्रयोगात हिऱ्याचं घासून सपाट केलेलं टोक माणसाच्या केसाच्या जाडीइतकं, काही वेळा त्याहून बारीक. समजा टोक ४० मायक्रॉन रुंद आहे, तर त्यावर १५५ गिगापास्कल आणायला नुसत्या टोकापुरता हिशोब केला तर वीसेक किलो वजनाइतकं बल पुरतं, सगळी करामत क्षेत्रफळाची आहे. शिवाय रोध मोजायचा म्हणजे त्याच टोकावर चार इलेक्ट्रोड बसवायचे, टायटॅनियमचा थर आणि वर सोनं, आणि ते धातूच्या गॅस्केटला चिकटून शॉर्ट होऊ नयेत म्हणून मधे इन्सुलेटिंग थर. आतला दाब कळतो तो हिऱ्याच्याच रामन स्पेक्ट्रमवरून, टोकाजवळच्या हिऱ्यावर ताण आला की त्याच्या सिग्नलची कडा सरकते. आणि हिरे फुटतात. या क्षेत्रातल्या कुणालाही विचारा, आठवड्यांची मेहनत एका क्षणात जाते आणि पुन्हा नव्या हिऱ्यांपासून सुरुवात करावी लागते.

गॅस भरायचा कसा, तर सेल साधारण २०० केल्विनला थंड करायचा, बारीक नळीतून एचटूएस हिऱ्यांच्या भोवतीच्या जागेत सोडायचा, तिथे तो द्रव होतो, मग सेल आवळायचा. आवळताना थंडच ठेवायचा ही अट महत्त्वाची, कारण रूम टेम्परेचरला हा रेणू दाबाखाली टिकत नाही, फुटतो आणि सल्फर वेगळा पडतो.

पण दाबाने रेणू फुटतोच का, इथे थोडं थांबूया, कारण नुसतं चेपण्यातून हे कळत नाही. दाब गुणिले आकारमान म्हणजे ऊर्जा. अणूंनी रचना बदलून समजा प्रत्येकी एक घन अँगस्ट्रॉम जागा वाचवली, तर १५० गिगापास्कलला त्या बचतीची किंमत होते जवळजवळ एक इलेक्ट्रॉन-व्होल्ट. सल्फर-हायड्रोजनचा बंध पावणेचार इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपासचा, आणि रेणू-रेणूंमधली ओढ त्याच्या कितीतरी कमी, दशांशात मोजण्याइतकी. म्हणजे जागेच्या बचतीची किंमत थेट रासायनिक बंधांच्या किमतीशी स्पर्धा करायला लागते. घरच्या कुकरमध्ये शिट्टी होते तेव्हा आत साधारण दोन अ‍ॅटमॉस्फियर असतात, तिथे हीच बचत करा, किंमत येते इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या दहा लाखाव्या भागाच्या जवळपास, म्हणून कुकरमध्ये पाण्याचा उत्कलनबिंदू वर जातो पण पाण्याचा रेणू पाण्याचाच राहतो. १५५ गिगापास्कल म्हणजे पंधरा लाखांहून जास्त अ‍ॅटमॉस्फियर, पृथ्वीच्या मॅन्टलच्या तळाशी, जिथे गाभा सुरू होतो तिथे १३६ आहे, त्याच्याही वरचा हा आकडा. तिथे कोणाला किती बंध हे ठरवण्यात कमी जागेत मावण्याचाही मोठा वाटा असतो. आपण पुस्तकात शिकतो ती व्हॅलन्सी एका अ‍ॅटमॉस्फियरची आहे, हे पुस्तकं सांगत नाहीत आणि मला वाटतं सांगायला हवं.

तर प्रयोग. सुरुवातीला सॅम्पल पारदर्शक, वीज न वाहणारं. ५० गिगापास्कलच्या आसपास थोडी वीज वाहायला लागली, पण सेमीकंडक्टरसारखी, प्रकाश टाकला की वाढणारी. ९० ते १०० च्या दरम्यान चक्क धातू. मग आणखी दाबत गेले आणि प्रत्येक टप्प्यावर थंड करून सुपरकंडक्टिव्हिटी कुठे सुरू होते ते बघत गेले. जी सॅम्पल्स सतत थंड ठेवून दाबली त्यांच्यात क्रिटिकल टेम्परेचर, म्हणजे ज्या तापमानाला सुपरकंडक्टिव्हिटी सुरू होते ते, आधी कमी होतं, थिअरीच्या ८० च्या अंदाजाशी बऱ्यापैकी जुळणारं, आणि पुढे दोनशे गिगापास्कलकडे जाताना १५० केल्विनपर्यंत चढलं. आणि मग आली या केसमधली कळीची पायरी. दीडशेच्या वरचा दाब तसाच ठेवून त्यांनी सॅम्पलला रूम टेम्परेचरपर्यंत गरम होऊ दिलं आणि पुन्हा थंड केलं. आता सुपरकंडक्टिव्हिटी सुरू झाली २०० केल्विनच्या वर.

म्हणजे तोच गॅस, तोच दाब, फक्त तापमानाचा रस्ता वेगळा, आणि उत्तर पार वेगळं. कमी दाबावर गरम केलात तर सॅम्पल खराब होतं, आधी थंड ठेवून वरचा दाब गाठला आणि मग गरम केलं तर रेकॉर्ड मिळतो. माझ्या मते २०३ या आकड्यापेक्षा हे जास्त शिकवणारं आहे, कारण इथे दिसतं की दाबाने नवीन पदार्थ परवडण्यासारखा झाला होता, पण अणूंना जागा बदलायला उष्णता लागते, ती मिळेपर्यंत ते जुन्याच रचनेत अडकून बसलेले होते.

पण अंदाज ८० चा आणि निकाल २०३ चा, एवढी तफावत आली कुठून? इथे दुसरा एक पेपर कामाला आला, तोही चीनचाच, जिलिन विद्यापीठातल्या दुआन आणि क्वी यांच्या ग्रुपचा, २०१४ चाच. त्यांनी एचटूएस घेतलाच नव्हता. २०११ मध्ये स्ट्रोबेल आणि सोमयाझुलू वगैरेंनी एचटूएस आणि हायड्रोजन एकत्र दाबून एक जोडसंयुग बनवलं होतं, दोन रेणू एचटूएस आणि एक रेणू हायड्रोजन, म्हणजे एकूण हिशोबात एका सल्फरला तीन हायड्रोजन. दुआन यांनी त्याच प्रमाणाचा हिशोब पुढे दाबला तर २०० गिगापास्कलला एक अतिशय सममित रचना आली आणि क्रिटिकल टेम्परेचर आलं १९१ ते २०४ केल्विन. माइन्झच्या मोजमापाला इतकं चपखल बसणारं की लोकांच्या लगेच लक्षात आलं, सेलमध्ये जे सुपरकंडक्ट होतंय ते एचटूएस नाहीच, एचथ्रीएस आहे. रिअ‍ॅक्शन अशी, तीन एचटूएस फुटतात, त्यातून दोन एचथ्रीएस बनतात आणि एक सल्फर बाजूला पडतो.

एचथ्रीएस ही चीज पेपरात लिहिलीत तर परीक्षेत मार्क कापले जातील, आणि एका अ‍ॅटमॉस्फियरला ते बरोबरच आहे. पण तिथली रचना बघा: सल्फर घनाच्या कोपऱ्यांवर आणि मध्यभागी, आणि हायड्रोजन बरोबर दोन सल्फरच्या मधोमध, दोघांपासून सारख्याच अंतरावर, सुमारे दीड अँगस्ट्रॉम. प्रत्येक सल्फरला सहा हायड्रोजन शेजारी. हा हायड्रोजन कुठल्या सल्फरचा असं विचारता येत नाही, कारण रेणू नावाची गोष्टच उरलेली नाही, सगळा स्फटिक एकच जाळं झालाय. गॅसच्या रेणूत सल्फर-हायड्रोजन अंतर १.३४ अँगस्ट्रॉम असतं, म्हणजे पंधरा लाख अ‍ॅटमॉस्फियर दाब देऊन हा बंध उलट लांबला! आखूड झालं ते रेणू-रेणूंमधलं मोकळं अंतर. मजबूत सहसंयुज बंध, पण त्यातले इलेक्ट्रॉन धातूसारखे मोकळे, आणि मधे हलका हायड्रोजन वेगाने थरथरणारा, अ‍ॅशक्रॉफ्ट यांनी मागितलेल्या सगळ्या गोष्टी एका जागी आल्या.

आता पुरावा, कारण केमिस्ट्री बदलली असं म्हणणं सोपं असतं आणि सिलेनचा अनुभव ताजा होता. पहिला पुरावा आयसोटोपचा. साध्या हायड्रोजनऐवजी दुप्पट वजनाचा ड्युटेरियम घातला तर क्रिटिकल टेम्परेचर १५० केल्विनच्या आसपास उतरलं. जोड्या जुळण्यामागे हायड्रोजनची कंपनं असतील तर असंच व्हायला हवं, आणि इलेक्ट्रोड किंवा गॅस्केटची काही गडबड असती तर ड्युटेरियमने फरक पडायचं कारणच नव्हतं. सुटा सल्फरही दाबाखाली सुपरकंडक्टर होतो, पण १६० गिगापास्कलला त्याचं क्रिटिकल टेम्परेचर १७ केल्विन, त्यामुळे तोही संशयितांमधून बाहेर.

दुसरा पुरावा चुंबकीय. सुपरकंडक्टर चुंबकीय क्षेत्र बाहेर ढकलतो, ते दाखवायचं तर सॅम्पल अख्ख्या सेलच्या तुलनेत नगण्य, सेलचाच सिग्नल त्याला गिळून टाकेल. म्हणून त्यांनी तांबं-टायटॅनियमच्या मिश्रधातूचा, चुंबकाला जवळजवळ प्रतिसाद न देणारा सेल बनवला, व्यास ९ मिलिमीटरहून कमी, जो थेट स्क्विड मॅग्नेटोमीटरमध्ये, म्हणजे अतिशय क्षीण चुंबकत्व मोजणाऱ्या यंत्रात जातो. २०३ हा आकडा या मोजमापातला आहे. पुढे २०१६ मध्ये फ्रान्समध्ये ग्रेनोबलच्या सिंक्रोट्रॉनवर (अतिप्रखर एक्स-रे देणारं मोठं यंत्र) त्याहून सुंदर प्रयोग झाला, सॅम्पलच्या आतच टिन-११९ ची पातळ पट्टी ठेवली आणि सुमारे ०.७ टेस्लाच्या क्षेत्रात ती पट्टी काय अनुभवते हे एक्स-रेने विचारलं. साधारण १४० केल्विनपर्यंत सॅम्पलने त्या टिनपर्यंत चुंबकीय क्षेत्र पोहोचूच दिलं नाही.

तिसरा, आणि केमिस्ट्रीच्या दृष्टीने सगळ्यात मोठा, जपानचा. ओसाका विद्यापीठाच्या लोकांनी माइन्झसोबत स्प्रिंग-एट सिंक्रोट्रॉनवर एकाच सॅम्पलचा रोध आणि एक्स-रे डिफ्रॅक्शन दोन्ही बघितलं, २०१६ मध्ये छापून आलं. हायड्रोजन एक्स-रेला जवळपास दिसतच नाही, पण सल्फरचे अणू नेमके दुआन यांनी सांगितलेल्या जागी बसलेले दिसले आणि सोबत सुट्या सल्फरच्या रेषाही दिसल्या. तो सुटा सल्फर म्हणजे रिअ‍ॅक्शन खरोखर घडल्याची पावती. नंतर सल्फर आणि हायड्रोजन सरळ एकत्र घेऊन, लेसरने गरम करूनही एचथ्रीएस बनवला गेला, म्हणजे एचटूएसची मधली पायरी वगळूनही तोच पदार्थ मिळतो.

याच वाटेने पुढे लॅन्थॅनमचा हायड्राइड आला, २०१९ मध्ये माइन्झचा २५० केल्विनचा पेपर १७० गिगापास्कलला, त्याच सुमारास अमेरिकेतून हेमली आणि सोमयाझुलू यांच्या ग्रुपचा २६० च्या आसपासचा. तिथे एका लॅन्थॅनमभोवती दहा हायड्रोजनचं प्रमाण आहे, व्हॅलन्सीच्या चौकटीत बसवायचा प्रयत्नसुद्धा करू नका. याच क्षेत्रात रूम टेम्परेचरचे दोन मोठे दावेही आले, २०२० आणि २०२३ चे, दोन्ही पेपर नेचरने मागे घेतले, आणि त्याचं खूप वाईट वाटतं कारण त्या बातम्यांच्या नादात अनेकांना वाटायला लागलं की अख्खा विषयच संशयास्पद आहे. एचथ्रीएसची गोष्ट तशी नाही, इथे वेगवेगळ्या लॅबनी, वेगवेगळ्या पद्धतींनी, वेगवेगळ्या रस्त्याने बनवून तेच पाहिलंय. आपल्याकडेही ट्रॉम्बेला बीएआरसीमध्ये हाय प्रेशर फिजिक्सचं काम कित्येक दशकं चालू आहे आणि इंदूरच्या इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर अशा सेलमधलं सॅम्पल बघायला बीमलाइन आहे, त्यामुळे मराठी मुलामुलींना हा विषय परदेशातच करायचा असतो असं अजिबात समजायचं कारण नाही.

अडचण एकच आणि ती मोठी आहे, दाब सोडला की एचथ्रीएस राहत नाही. ग्रॅफाइटपासून दाबाखाली बनवलेला हिरा बाहेर आणला तरी हिराच राहतो, कारण परत जायच्या वाटेत ऊर्जेची मोठी भिंत आहे. एचथ्रीएसला तशी भिंत नाही, दाब शंभरच्या आसपास उतरायला लागला की त्याची सममिती मोडते, हायड्रोजन पुन्हा एका बाजूच्या सल्फरकडे सरकतो आणि क्रिटिकल टेम्परेचर घसरतं. म्हणून आता लोक दोनऐवजी तीन मूलद्रव्यांचे हायड्राइड शोधतायत, तिसऱ्या अणूने रचना कमी दाबात धरून ठेवावी या आशेने, आणि कम्प्युटरवर आधी रचना शोधून मग सेलमध्ये बनवायची ही पद्धत आता या क्षेत्रात रोजची झाली आहे, तिला खरा जोर मिळाला तो या केसपासून.

एरेमेट्स नोव्हेंबर २०२४ मध्ये गेले. २०२५ मध्ये त्यांच्याच ग्रुपचा आणखी एक पेपर नेचरमध्ये आला, ज्यात एचथ्रीएसच्या सेलमध्ये टनेलिंग करून सुपरकंडक्टिंग गॅप थेट मोजला आहे, सुमारे ६० मिलिइलेक्ट्रॉन-व्होल्ट, आणि ड्युटेरियमवाल्या सॅम्पलमध्ये ४४ च्या आसपास. रोध आणि चुंबकत्व यांच्या पलीकडे जाऊन इलेक्ट्रॉनच्या जोड्या फोडायला किती ऊर्जा लागते हे त्या दाबात पहिल्यांदाच सरळ मोजलं गेलं, आणि जड ड्युटेरियमने तोही आकडा कमी झाला.